पहिली आलेली कंपनी

नळाला पाणी आलं होतं आणि मी अंगणात घागर भरत होते. फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्यावर पांढरी टोपी, स्टँडवरून चालत आल्यानं घामाघूम. त्यानं शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला, तो कट्ट्यावर नीट उलगडला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितंच का हे?"

कागद माझा होता, दीड वर्षापूर्वीचा. खालची ओळ आमच्या घरातून निघालेल्या प्रत्येक पत्रकावर असते: 'यात काही चूक आढळल्यास खालील पत्त्यावर येऊन सांगावे.' त्याखाली आमचा तुळजापूरचा पत्ता.

"इथंच," मी म्हणाले.

"मग सांगाया आलोय," तो म्हणाला.

घागर भरून वाहायला लागली होती. मी नळ बंद केला नाही, हे मला नंतर आठवलं.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका, आणि सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं पत्रकं. वसतिगृहातल्या जेवणाची, बंद पडलेल्या हातपंपांची, रोजगार हमीच्या कामावर सावली न देणाऱ्या मुकादमांची. माझी बाराखडी उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर झाली. इतर पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी कागद एकावर एक लावून घड्या घालत होते. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही आणि जे लिहिलं त्याखाली घरचा पत्ता द्यायचा, एवढं बाबांनी मला शिकवलं. पत्ता दिला की लोक यायचे. काही शिव्या द्यायला, बरेचसे चहा प्यायला. एकदा एक ग्रामसेवक अर्धा तास भांडला आणि जाताना त्याच पत्रकाच्या चार प्रती घेऊन गेला.

छापखाना बंद पडला, बाबा घरी बसले आणि मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. दुकानाच्या मागं भंगारवाला जुन्या चार्जरच्या आणि फोनच्या वायरी जाळायचा, आतलं तांबं काढायला. त्या धुरानं घसा दिवसभर खवखवायचा. फुगलेल्या बॅटऱ्या नाल्यात पडलेल्या असायच्या. एक दिवस मी ठरवलं की हे ज्यांनी विकलं त्यांना विचारायचं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी मोबाइल कंपन्यांचे अहवाल काढले. इंग्रजी मला वाचता येतं, याचा तेव्हा मला फार अभिमान होता. पाच कंपन्या निवडल्या आणि प्रश्न ठरवले. जुनी बॅटरी परत घेता का? सुटे भाग देता का? कारखान्यातलं सांडपाणी कुठं सोडता? तिथल्या कामगाराला बसायला मिळतं का? त्याची तक्रार ऐकायला कुणी आहे का?

पहिल्या खर्ड्यात मी खूप ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं होतं. तक्ता कसरीनं खाल्ल्यासारखा दिसत होता. मला तो तसा बघवेना. मग मी अहवालात जे लिहिलंय ते खरं धरून त्या जागा भरल्या, गुण दिले आणि निकाल काढला. एक कंपनी पहिली आली.

बाबांनी तो कागद चष्मा पुसून वाचला.

"हे तू बघितलंस का?"

"अहवाल बघितला."

"त्यो कुणी लिहिला?"

"कंपनीनं. पण तपासणारा बाहेरचा असतो, बाबा."

"त्याला बोलावतं कोण?"

मी चिडले. म्हणाले, तुमच्या वेळी अन्याय करणारा गावातच राहायचा, चालत जाऊन बघता यायचं. आता कारखाना एकीकडं, मालक दुसऱ्याच देशात. बघायला जाणार कुठं? बाबांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि कागद माझ्या हातात दिला.

पत्रक मी तुळजापूरच्या स्टँडवर वाटलं, धाराशिवला कॉलेजच्या दारात, आयटीआयच्या फाटकावर, भूमच्या बाजारात. ते वाचून कुणी फोन बदलला असेल असं मला वाटत नाही. दुकानदार हातात देईल तो डबा लोक घेतात. मी समजले, कागद मेला.

तो मेला नव्हता. तो या माणसाच्या खिशात होता.

तो तामलवाडीचा शेतकरी. मुलगी आयटीआय झालेली. तिच्या आयटीआयच्या मैदानात माणसं पुरवणारे दोन गुत्तेदार आले होते, पुण्याच्या पलीकडच्या दोन कारखान्यांसाठी मुली न्यायला. दोन्ही ठिकाणी मोबाइल जोडायचं काम, दोन्ही ठिकाणी राहायची सोय.

"कुठं धाडावी ते कळंना," तो म्हणाला. "मग पोरीनंच तुमचा कागद काढला. एका गुत्तेदाराची कंपनी पहिली आलेली, दुसऱ्याची चौथी. मग पहिलीतच धाडली."

"पण ते फोन घेणाऱ्यांसाठी होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"आमी कुठं फोन निवडायला बसतोय, बाई? आमाला पोरगी धाडायची हुती. त्याला कागद लई कामाला आला."

बाबा आतून बाहेर आले होते. त्या माणसानं त्यांना हात जोडले. "तुमचे कागद म्या शाळंत हुतो तवापास्नं वाचतो. त्यात खोटं नसतंय."

बाबांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला सांगितलं. त्याची मुलगी कारखान्यातून परत आली होती. तिच्या पायांना जमीन लागत नव्हती, हातातून वस्तू पडत होत्या. सोलापूरच्या डॉक्टरनं नसांचं दुखणं सांगितलं होतं आणि विचारलं होतं, कशात काम करत होती. कंपनीकडून ते कळलं तर बघा, एवढ्यासाठी तो आला होता. चहा संपवून उठताना त्यानं एक अट घातली.

"पोरीचं नाव कुठं येऊ द्यायचं न्हाय. गावबी न्हाय. स्थळ बघायलोय. पावण्यांच्या कानावर गेलं तर संपलं."

मी शब्द दिला.

त्याच दुपारी मी त्याच्याबरोबर तामलवाडीला गेले. मुलगी ओसरीत बसून उडीद निवडत होती. खडा दिसायचा, बोट त्याच्यापर्यंत जायचं, पण खडा बोटात आलाय की नाही हे तिला वाकून डोळ्यांनी बघावं लागायचं.

"या ताई. तुमीच का त्या? कंपन्यांची परीक्षा घेणाऱ्या मास्तरीण?"

"गप गं," तिची आई आतून म्हणाली.

ती मला पाणी आणायला उठली. चप्पल घालून अंगणातल्या माठाकडं निघाली, चिखलातून चालल्यासारखी पाय उचलत. दोन पावलांवर एक चप्पल मागं राहिली. ती तशीच चार पावलं पुढं गेली, मग खाली बघून थांबली.

"बघा. आता जाताना सांगतबी न्हाय मला," ती म्हणाली आणि हसली.

तिचं काम होतं स्क्रीन पुसायचं. बाटलीतलं पाण्यासारखं औषध फडक्यावर घ्यायचं आणि वरून खाली एकदाच पुसायचं. दोनदा पुसलं की लाईनवरची मॅडम बोलायची. आधी एक औषध होतं, मग लवकर वाळणारं दुसरं आलं. धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. त्याचा वास गोडसर, पेट्रोलसारखा. सुरुवातीला तिला तो आवडायचा. बाटलीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. एक दिवस जिना उतरताना पायऱ्या कुठं आहेत ते पायांना कळेना.

"तिथं तक्रार केलीस का?"

"केली की. पेटी हाय. पेटीला कॅमेरा हाय. दुसऱ्या दिवशी गुत्तेदाराचा माणूस म्हणला, तुला आराम पायजे व्हय, मग घरीच कर." तिनं खडा उचलला, बघितला, टाकला. "तुमच्या कागदात त्या पेटीला पैकीच्या पैकी दिल्यात."

दिले होते. अहवालात त्या पेटीचा फोटो होता.

मी तिथूनच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावला. आवाज गोड होता. कोणत्या मॉडेलबद्दल बोलताय, मॅडम? मी म्हणाले, फोनबद्दल नाही, तुमच्या कारखान्यातल्या मुलीबद्दल. वस्तूचा क्रमांक सांगितल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. शेवटी मुलीनं स्वतःच्याच फोनचा क्रमांक सांगितला. तिनंही त्याच कंपनीचा घेतला होता. औषधाचं नाव हवंय, असं मी तीनदा सांगितलं. नोंद झाली: स्क्रीनबाबत तक्रार. दोन दिवसांनी निरोप आला की तक्रारीचं निवारण झालं आहे, आमच्या सेवेला पाचपैकी तारे द्या.

कारखान्याच्या फाटकावरून फोनवर उत्तर मिळालं, अशी मुलगी आमच्या रजिस्टरला नाही, गुत्तेदाराला विचारा. गुत्तेदार म्हणाला, तिनं सही करून काम सोडलंय, आता कसलं औषध अन् कसलं काय. एका सरकारी कार्यालयात मला सांगितलं, आधी ती तिथं कामाला होती असं कंपनीचं पत्र आणा. ज्यांच्यावर मी एवढं मोठं पत्रक काढलं त्यांच्यातला एकही माणूस मला दिसत नव्हता. बाबांच्या वेळचा मुकादम निदान झाडाखाली सापडायचा.

त्याच संध्याकाळी मुलीनं मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. तिच्या हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आला होता. माझं पत्रक, झेरॉक्स केलेलं, पहिल्या कंपनीभोवती लाल गोल. गुत्तेदाराचा माणूस भूममध्ये घरोघर तो दाखवत होता. बाजाराच्या दिवशी तिथून नव्या मुली निघणार होत्या. झेरॉक्समध्ये खालची पत्त्याची ओळ कापलेली होती.

बाजाराला तीन दिवस होते. मी दुरुस्तीचं पत्रक लिहायला बसले. मागच्या निकालात आम्ही चूक केली. पहिली ठरवलेल्या कंपनीच्या कारखान्यात स्क्रीन पुसणाऱ्या एका मुलीचे हातपाय बधिर झाले आहेत. आपल्या मुलींना पाठवू नका.

बाबांनी वाचलं. "कुणाला झालं ते लिही."

"शब्द दिलाय."

"गाव तरी."

"तोही दिलाय."

त्यांनी कागद खाली ठेवला. "मग हे पत्रक न्हाय. ही अफवा हाय."

मी रडले. बाबा उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, छापायचीच असेल तर पहिल्या कागदाएवढ्याच मोठ्या अक्षरात छाप, आणि जिथं जिथं पहिला वाटला तिथं तिथं वाट. यापलीकडं त्यांनाही काही सुचत नव्हतं. दुकानाच्या यंत्रावर मी ते काढलं. यंत्राच्या पाठीवर पर्यावरण जपल्याचं हिरवं पान छापलेलं होतं.

भूमला मी पहिल्या गाडीनं गेले. बाजार भरायला लागला होता, स्टँडच्या बाहेर पांढरी मिनीबस उभी होती. नऊ मुली होत्या. नव्या बॅगा, धुतलेले ड्रेस, कुणाच्या हातात चिवड्याचा डबा, कुणाच्या हातात उशी. आयांनी डोक्यावरचा पदर दातात धरलेला. गुत्तेदाराचा माणूस अगदी सभ्य होता. मी काय वाटतेय ते बघून जवळ आला.

"ताई, तो पहिला कागद तुमचाच का? लई उपयोग झाला बरं."

मी त्याच्याशी बोलले नाही. मी एकेका आईच्या हातात कागद दिला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवला.

"मागं पहिली म्हणलात, आता नापास म्हणताय," एक बाई म्हणाली. तिच्या लुगड्याला खव्याच्या भट्टीचा वास होता. "उंद्या काय म्हणाल?"

"मागं मी चुकले, मावशी."

"आन् आता चुकला न्हाय कशावरनं?"

"मी तिला बघितलंय. तिच्या पायातून चप्पल गेली तरी तिला कळत नाही."

"कोण हाय ती? कुठल्या गावची?"

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन माझ्या हातात होता.

"बघा," गुत्तेदाराचा माणूस शांतपणे म्हणाला, "नाव न्हाय, गाव न्हाय. मागच्या कागदात निदान गुण तरी हुते."

दोघीचौघी हसल्या. एक बाप माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हितं ठिवून काय करू, ताई? शेतात काम न्हाय. घरी बसली की भावकी लगीन लावा म्हणून मागं लागती. हिला आजून शिकायचंय." त्याला माझ्याकडून उत्तर हवं होतं. माझ्या पत्रकात त्याच्यासाठी एकही ओळ नव्हती. पाठवू नका, एवढंच होतं.

खिडकीतून एका मुलीनं विचारलं, "मग दुसऱ्या नंबरची कंपनी चांगली हाय का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खर्ड्यातून जे खोडून काढलं होतं ते मी भर बाजारात बोलले, आणि तेही तिच्या काही कामाचं नव्हतं.

एका आईनं आपल्या मुलीला हाताला धरून खाली उतरवलं. मला हात जोडले. ती मुलगी मात्र माझ्याकडं बघत नव्हती. तिच्या उशीचा अभ्रा नवा होता, त्यावर तिनं स्वतः भरलेली वेल होती, आणि ती उशी तिनं इतकी घट्ट धरली होती की मी तिचं आयुष्य वाचवलं की बंद केलं हे मला सांगता येईना. बस आठ जणींना घेऊन गेली. माझे कागद रस्त्यावर पडले होते. मी ते वेचले, आणि वेचत असताना भाजीवाल्या बाया पाय बाजूला घेऊन मला वाट देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तामलवाडीला गेले. का गेले ते सांगता येत नाही. माफी मागायला असेल. मुलगी ओसरीतच होती. तिला सगळं कळलेलं होतं.

"आठ गेल्या," ती म्हणाली.

"नाव विचारत होते. मी शब्द दिला होता."

"कुणाला?"

"तुझ्या वडिलांना."

"अप्पांना. मला न्हाय." ती आज हसत नव्हती. "फोन हुता की तुमच्याकडं. एक फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा. म्या बोलले असते त्यांच्याशी. सकाळपास्नं फोन मांडीवर घिऊन बसले हुते."

मी हातातला फोन ओसरीवर खाली ठेवला.

"तुमी दोनदा कागद काढलाव, ताई. पहिल्यांदा कंपनीला इचारलं, दुसऱ्यांदा अप्पांना. मला कवा इचारलं?"

तिचे वडील दारात उभे होते. "अगं, पावण्यांना कळलं तर..." ते म्हणाले.

"अप्पा, पावणे बघायला आल्यावर म्या चहाचा ट्रे कसा धरणार हाय?"

ते तिथंच खाली बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. मग मुलगी मला म्हणाली, "काढा तो तक्ता. इचारा."

मी पिशवीतून जुनं पत्रक काढलं. पाठकोरी बाजू वर केली. कामगाराला बसायला मिळतं का? न्हाय, उभ्यानंच. पाणी प्यायला जाऊ देतात का? टोकन घिऊन, टोकनं दोनच, पोरी चाळीस. औषध बदललं तेव्हा सांगितलं का? न्हाय. ते काय आहे? ती थांबली. "हितं माहीत न्हाय म्हणून लिहा. डॉक्टरलाबी माहीत न्हाय. मोठ्या अक्षरात लिहा ते."

मी लिहिलं. शेवटी तिनं पेन मागितलं. नाव तिला स्वतः लिहायचं होतं. पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा तिनं ते मुठीत धरलं, लहान मुलं धरतात तसं. वाऱ्यानं कागद हलत होता. तिच्या वडिलांनी पुढं सरकून त्याचा कोपरा दाबून धरला आणि दुसरीकडं बघत राहिले. नाव, मग गाव. अक्षरं मोठी आणि वाकडी आली, पण वाचता येत होती.

ते नाव मी इथं देत नाही; गाव दिलंय, तेही तिला विचारूनच. ते तिचं पत्रक आहे आणि ते तिनं सांगितलेल्या ठिकाणी वाटलं जातंय.

"खाली पत्ता कुणाचा घालू?" मी विचारलं.

"माझा. चूक आसली तर हितं या म्हणावं."

तिनं कागदाचा फोटो काढला. भूमच्या आठ जणींचा नवा ग्रुप झाला होता, हॉस्टेलातल्या मैत्रिणीनं तिला त्यात घेतलं होतं. तिनं फोटो तिथं पाठवला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. फोटोखाली एकच खूण आली, म्हणजे तो अजून कुणाला पोचला नव्हता. कामावर जाताना फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवावे लागतात, बंद करून, असं तिनंच मला सांगितलं होतं. आम्ही चहा प्यालो. तिनं कप दोन्ही तळव्यांत धरला होता आणि तो धरलाय की नाही हे बघत होती. खूण एकच होती.